हॅडली कॅन्ट्रिल

अल्बर्ट हॅडली कॅन्ट्रिल (१६ जून १९०६ – २८ मे १९६९) हे अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ आणि जनमत-संशोधक होते. नभोवाणीचा श्रोत्यांवर होणारा परिणाम, जनमत चाचण्यांतील प्रश्नांची शब्दरचना आणि वेगवेगळ्या देशांतील लोकांच्या आशा-आकांक्षांची तुलना या तीन विषयांवरील त्यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते. त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह १४ देशांतील लोकांना एकच प्रश्नक्रम विचारण्यात आला होता. त्यासाठी वापरलेली दहा पायऱ्यांची शिडी आज 'कॅन्ट्रिल शिडी' या नावाने ओळखली जाते. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालातील देशांचा क्रम याच शिडीवरील उत्तरांच्या आधारे ठरतो.

भिन्न भाषा बोलणाऱ्या आणि भिन्न परिस्थितीत जगणाऱ्या माणसांच्या समाधानाची तुलना कोणत्या मापाने करावी, हा प्रश्न कॅन्ट्रिल यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होता. संशोधकाने स्वतःचे माप उत्तरदात्यावर लादू नये, माप उत्तरदात्यानेच ठरवावे, असे त्यांचे उत्तर होते.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

कॅन्ट्रिल यांचा जन्म अमेरिकेच्या यूटा राज्यातील हायरम या लहान गावी झाला. १९२८ साली त्यांनी डार्टमथ महाविद्यालयाची पदवी संपादन केली. त्यानंतर जर्मनीतील म्युनिक आणि बर्लिन येथे त्यांनी दोन वर्षे अध्ययन केले. १९३१ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना मानसशास्त्रातील डॉक्टरेट प्रदान केली. हार्वर्डमध्ये व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक गॉर्डन ऑलपोर्ट यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. डार्टमथ, हार्वर्ड आणि कोलंबिया येथे अध्यापन केल्यानंतर १९३६ साली ते प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू झाले. पुढील जवळजवळ दोन दशके त्यांचे बहुतेक कार्य तेथेच झाले.

नभोवाणी आणि श्रोते

१९३० च्या दशकात अमेरिकेतील घराघरांत नभोवाणी संच पोहोचला होता. या माध्यमाची मानसशास्त्रीय मीमांसा करणारा 'द सायकॉलॉजी ऑफ रेडिओ' हा ग्रंथ कॅन्ट्रिल आणि ऑलपोर्ट यांनी १९३५ साली लिहिला. १९३७ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या अनुदानातून प्रिन्स्टनचा नभोवाणी-संशोधन प्रकल्प सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड त्याचे संचालक होते, तर कॅन्ट्रिल आणि फ्रँक स्टँटन सहसंचालक होते.

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवर आधारलेले, मंगळवासीयांच्या आक्रमणाचे नभोनाट्य सादर केले. नाट्याचा काही भाग बातमीपत्राच्या धर्तीवर बेतलेला असल्याने अनेक श्रोत्यांना ते खरे वाटले. या प्रसंगाचा अभ्यास करून कॅन्ट्रिल यांनी हेझल गॉडेट आणि हर्टा हर्झोग यांच्या साहाय्याने १९४० साली 'द इन्व्हेजन फ्रॉम मार्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. बातमी खरी की खोटी हे काही श्रोत्यांनी पडताळून पाहिले, काहींनी पाहिले नाही. असे का घडले, याचा शोध त्यात घेतला आहे.

हे पुस्तक माध्यमांच्या अभ्यासक्रमांत दीर्घकाळ शिकवले गेले. तथापि त्यातील मुख्य निष्कर्ष न्यू जर्सी परिसरातील १३५ व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेले होते आणि त्यांतील बहुसंख्य व्यक्तींची निवड त्या घाबरल्या होत्या म्हणूनच करण्यात आली होती. संपूर्ण देशात भीतीची लाट पसरल्याचे चित्र अतिरंजित होते, असे नंतरच्या माध्यम-अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. कोणाला प्रश्न विचारले यावर काय उत्तर मिळते हे किती अवलंबून असते, याचे उदाहरण म्हणूनही आता या अभ्यासाकडे पाहिले जाते.

जनमत-संशोधन आणि दुसरे महायुद्ध

जॉर्ज गॅलप यांच्या जनमत चाचणी संस्थेचे कार्यालय प्रिन्स्टन गावातच होते. त्यामुळे कॅन्ट्रिल यांना देशव्यापी चाचण्यांची सामग्री आणि यंत्रणा जवळून हाताळता आली. १९४० साली त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात जनमत-संशोधन कार्यालय स्थापन केले. युद्धकाळात अमेरिकन जनतेचा कल अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना कळवण्याचे कामही त्यांनी केले.

१९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'गेजिंग पब्लिक ओपिनियन' या ग्रंथात कॅन्ट्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी घेण्याच्या पद्धतीचीच चाचणी घेतली. लोकसंख्येच्या दोन सारख्या गटांना एकच प्रश्न किंचित वेगळ्या शब्दांत विचारला तर उत्तरांत किती फरक पडतो, हे त्यांनी मोजले. मुलाखत घेणाऱ्याची स्वतःची मते आणि त्याचा सामाजिक स्तर यांचाही उत्तरांवर प्रभाव पडतो, असे त्यांना आढळले. समोर आपल्यासारखा माणूस बसला आहे की वरच्या वर्गातला, हे पाहून उत्तरदाता बोलतो. एका देशात, एकाच भाषेत ही अडचण असेल, तर अनेक देशांत ती कितीतरी पटींनी वाढणार, हे उघड होते.

देशाबाहेरील सर्वेक्षणाचा पहिला महत्त्वाचा अनुभव त्यांना १९४२ साली आला. उत्तर आफ्रिकेत दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने उतरण्यापूर्वी मोरोक्कोतील व्हिशी फ्रान्सच्या अधिकाऱ्यांची एक लहानशी पाहणी त्यांनी घडवून आणली. या अधिकाऱ्यांच्या मनात ब्रिटिशांविषयी तीव्र कटुता असल्याचे तीतून दिसले. कासाब्लांकाच्या परिसरात अमेरिकन सैन्यच उतरवण्याच्या निर्णयामागे ही माहिती होती, असे सांगितले जाते. मोजक्या व्यक्तींना योग्य रीतीने विचारलेले प्रश्नही मोठ्या निर्णयाला उपयोगी पडू शकतात, हा कॅन्ट्रिल यांचा विश्वास यानंतर दृढ झाला.

युनेस्को आणि नऊ देशांतील सर्वेक्षण

महायुद्धानंतर युनेस्कोने राष्ट्रा-राष्ट्रांतील तणावांच्या कारणांचा अभ्यास हाती घेतला. या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याची धुरा कॅन्ट्रिल यांच्याकडे होती. १९४८ साली त्यांनी पॅरिस येथे आठ समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञांना एकत्र आणले. त्यांत ऑलपोर्ट यांच्यासह ब्राझीलचे जिल्बेर्तो फ्रेइरे, जर्मन विचारवंत माक्स होर्कहाइमर, नॉर्वेचे आर्ने नेस आणि हंगेरीचे अलेक्झांडर सालाई यांचा समावेश होता. भिन्न राजकीय विचारांच्या या मंडळींनी युद्धाच्या कारणांविषयी एक संयुक्त निवेदन तयार केले. त्यावर प्रत्येकाची मते व मतभेद नोंदवणारा 'टेन्शन्स दॅट कॉज वॉर्स' हा ग्रंथ १९५० साली प्रकाशित झाला.

याच प्रकल्पात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स, नॉर्वे, मेक्सिको, अमेरिका आणि जर्मनीचा ब्रिटिश ताब्यातील विभाग अशा नऊ ठिकाणी १९४८ साली सर्वेक्षण झाले. प्रत्येक देशात तेथील स्थानिक संस्थेने मुलाखती घेतल्या. मनाजोगे जीवन जगण्याची संधी कोणत्या देशात सर्वाधिक आहे, मनुष्यस्वभाव बदलता येतो का, असे प्रश्न विचारण्यात आले. याशिवाय कष्टाळू, बुद्धिमान, व्यवहारी, गर्विष्ठ, उदार, क्रूर, मागासलेले, शूर, शांतताप्रिय अशा अर्थांची १२ विशेषणे देऊन, त्यांतील कोणती विशेषणे कोणत्या देशाच्या लोकांना लागू पडतात, हेही विचारले गेले. विल्यम ब्युकॅनन आणि कॅन्ट्रिल यांनी या पाहणीचे निष्कर्ष 'हाऊ नेशन्स सी ईच अदर' या पुस्तकात १९५३ साली मांडले.

बहुतेक देशांतील लोकांनी आपल्या देशबांधवांना शांतताप्रिय ठरवले होते. परक्या देशाविषयीची प्रतिमा त्या देशाशी असलेल्या तत्कालीन राजकीय संबंधांनुसार बदलत होती. प्रतिमा वाईट म्हणून वैर निर्माण होते असे नसून, बहुधा वैर निर्माण झाल्यामुळे प्रतिमा वाईट होते, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

या सर्वेक्षणाने तुलनेच्या मर्यादाही उघड केल्या. देशोदेशींच्या संस्थांची नमुना निवडण्याची पद्धत सारखी नव्हती. त्याहून मोठा प्रश्न अनुवादाचा होता. एका भाषेतील विशेषण दुसऱ्या भाषेत नेले की त्याची छटा बदलते. हे सर्वेक्षण मराठीत झाले नव्हते; पण मराठीतही एखाद्याला व्यवहारी म्हणणे ही कधी स्तुती असते, तर कधी सौम्य टीका. शब्द तोच असला तरी दोन देशांतील आकडे एकाच गोष्टीचे माप देतात, असे खात्रीने म्हणता येत नाही. पुढील काळात कॅन्ट्रिल यांनी तयार विशेषणांची यादी बाजूला ठेवून वेगळा मार्ग शोधला, तो याच प्रकारच्या अडचणींवर उपाय म्हणून समजून घेता येतो.

पाहणाऱ्याची दृष्टी

या नव्या मार्गाचा वैचारिक पाया अॅडलबर्ट एम्स यांच्या दृष्टिविषयक प्रयोगांत होता. एम्स यांनी तयार केलेल्या वाकड्या खोलीत दोन सारख्या उंचीची माणसे एक राक्षसाएवढे, तर दुसरे बुटके दिसते. कारण खोली चौकोनीच असणार हे पाहणाऱ्याने पूर्वानुभवावरून गृहीत धरलेले असते. माणूस जगाकडे आपल्या गृहीतकांमधून आणि हेतूंमधून पाहतो, हा विचार कॅन्ट्रिल यांनी सामाजिक जीवनाला लावला. १९५० सालच्या 'द व्हाय ऑफ मॅन्स एक्स्पीरियन्स' या ग्रंथात त्याची मांडणी आहे.

अल्बर्ट हॅस्टॉर्फ यांच्यासह त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेला निबंध आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा एक आडदांड सामना झाला होता. त्याचे एकच चित्रण दोन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यात आले. डार्टमथ संघाने किती वेळा नियम मोडले, हे मोजताना प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षा दुपटीहून अधिक चुका दिसल्या. दोन्ही गटांनी पाहिलेला सामना जणू एकच नव्हता. महाविद्यालय बदलले की दृष्टी बदलते, तर देश आणि संस्कृती बदलल्यावर ती किती बदलेल, हा प्रश्न यातून स्वाभाविकपणे पुढे आला.

शिडीची पद्धत

१९५५ साली कॅन्ट्रिल यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापकपद सोडले आणि लॉइड फ्री यांच्यासह आंतरराष्ट्रीय सामाजिक संशोधन संस्था स्थापन केली. फ्रान्स व इटलीतील निषेधाचे मतदान करणाऱ्या मतदारांवरील 'द पॉलिटिक्स ऑफ डिस्पेअर' हे १९५८ सालचे पुस्तक या काळातील आहे. एफ. पी. किलपॅट्रिक यांच्या सहकार्याने त्यांनी स्व-आधारित मापनपट्टी विकसित केली. तिचीच पुढे शिडी या नावाने ख्याती झाली.

मुलाखतीचा क्रम ठरलेला होता. आपले भावी जीवन उत्तम असावे, तर ते कसे असेल, हे उत्तरदात्याने प्रथम स्वतःच्या शब्दांत सांगायचे. मग त्याच जीवनाविषयीची भीती व चिंता सांगायच्या. त्यानंतर त्याला ० ते १० अंकांच्या शिडीचे चित्र दाखवले जाई. त्याने आत्ताच वर्णन केलेले सर्वोत्तम जीवन सर्वांत वरच्या पायरीवर आणि सर्वांत वाईट जीवन तळाशी, असे समजायचे. आज आपण कोणत्या पायरीवर आहोत, पाच वर्षांपूर्वी कोठे होतो आणि पाच वर्षांनंतर कोठे असू, हे त्याने दाखवायचे. कोणतीही एक पायरी सुचवली जाऊ नये म्हणून मुलाखतकाराने बोट शिडीवर झरझर वर-खाली फिरवायचे, अशी सूचनाही होती. पुढे हेच प्रश्न स्वतःच्या देशाविषयी विचारले जात.

या पद्धतीत सुख, प्रगती किंवा यश अशा शब्दांचा अनुवाद करण्याची गरज कमी होते. शिडीची दोन्ही टोके उत्तरदात्यानेच स्वतःच्या जीवनातून घडवलेली असतात. भूमिहीन शेतमजुराची दहावी पायरी आणि वकिलाची दहावी पायरी यांवर वेगवेगळ्या वस्तू असतात. मात्र आपल्या इच्छित जीवनापासून आपण किती अंतरावर आहोत, हे दोघांनाही सांगता येते. मोकळ्या उत्तरांतील आशा आणि चिंता नंतर सर्व देशांसाठी समान असलेल्या वर्गवारीत नोंदवल्या जात.

चौदा देशांतील पाहणी

१९५७ ते १९६३ या काळात या पद्धतीने वीस हजारांच्या आसपास व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. अमेरिका, पश्चिम जर्मनी, जपान, इस्रायल, युगोस्लाव्हिया, पोलंड, ब्राझील, पनामा, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, इजिप्त, नायजेरिया, फिलिपीन्स आणि भारत हे ते देश होत. त्यांचा एकत्रित अभ्यास 'द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स' या नावाने १९६५ साली प्रसिद्ध झाला.

वर्तमान जीवनाविषयीची सरासरी पायरी अमेरिकेत ६.६, क्यूबात ६.४, इजिप्तमध्ये ५.५, पश्चिम जर्मनी व इस्रायलमध्ये ५.३, जपानमध्ये ५.२ आणि पोलंडमध्ये ४.४ अशी होती. भारताची सरासरी ३.७ होती. सर्वांत खाली, १.६ वर, डोमिनिकन प्रजासत्ताक होते. तेथे हुकूमशहा राफाएल त्रुहियो यांची १९६१ साली हत्या झाल्यानंतरच्या अस्थिर काळात ही पाहणी झाली होती.

आकड्यांइतकीच मोकळी उत्तरेही बोलकी होती. भारतातील एका उत्तरदात्याला मुलगा हवा होता, दुसऱ्याच्या शेतात राबावे लागू नये म्हणून स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा होता, राहते घर हवे होते आणि दूध-तुपासाठी एक गाय हवी होती. अमेरिकेतील उत्तरदात्यांनी नवी मोटार, नाव, मुलांना खासगी शाळेत घालता येईल एवढे उत्पन्न अशा अपेक्षा सांगितल्या. अपेक्षांची यादी वेगळी असली तरी कुटुंबाचे स्थैर्य, आरोग्य आणि मुलांचे भवितव्य या चिंता जवळजवळ सर्वत्र आढळल्या. जागतिक शांततेसारखे मोठे प्रश्न बहुतेकांच्या व्यक्तिगत चिंतांमध्ये त्यांच्या नंतर येत होते.

या सामग्रीच्या आधारे कॅन्ट्रिल यांनी विकासाचे पाच टप्पे कल्पिले. परिस्थितीचा निमूट स्वीकार, शक्यतांची जाणीव, साधनांची ओळख, आत्मविश्वास आणि अखेरीस समाधान, असा तो क्रम होता. या मांडणीत एक विसंगती राहते. प्रत्येकाने आपले माप स्वतः ठरवावे असे मानणाऱ्या संशोधकाने शेवटी सर्व समाजांना एकाच चढणीवर क्रमाने उभे केले, आणि त्या चढणीचे शिखर समृद्ध पाश्चात्त्य समाजाच्या अनुभवाशी मिळतेजुळते होते.

क्यूबाचा अहवाल

१९६० साली लॉइड फ्री यांनी क्यूबातील सुमारे एक हजार शहरी नागरिकांची पाहणी केली. फिडेल कॅस्ट्रो यांच्या क्रांतीला तेव्हा थोडाच काळ लोटला होता. बहुसंख्य उत्तरदाते नव्या राजवटीचे समर्थक असून भविष्याविषयी आशावादी असल्याचे दिसले. पूर्वीची हुकूमशाही परत येण्याची भीती अनेकांनी व्यक्त केली होती. हा अहवाल अमेरिकन सरकारकडे पाठवण्यात आला होता. मात्र एप्रिल १९६१ मध्ये, शासन बदलल्यानंतर, अमेरिकेच्या पाठिंब्याने निर्वासित क्यूबन सैनिकांनी बे ऑफ पिग्ज येथे चढाई केली तेव्हा निर्णय घेणाऱ्यांनी तो विचारात घेतला नव्हता. जनतेच्या उठावाची अपेक्षा फोल ठरली आणि मोहीम काही दिवसांतच संपुष्टात आली. सर्वेक्षण अचूक असले तरी निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही तर ते व्यर्थ ठरते, हा धडा कॅन्ट्रिल यांनी १९६७ सालच्या 'द ह्यूमन डायमेन्शन' या आठवणीवजा पुस्तकात नोंदवला आहे.

आर्थिक साहाय्याचा वाद

कॅन्ट्रिल यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९७७ मध्ये, 'न्यू यॉर्क टाइम्स' या दैनिकाने त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निधीविषयी माहिती प्रसिद्ध केली. रॉकफेलर यांच्या नावे मिळालेला सुमारे दहा लाख डॉलरांचा निधी मुळात अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेकडून, म्हणजे सीआयएकडून, आलेला होता, असे त्या वृत्तात म्हटले होते.

या माहितीमुळे संकलित आकडे खोटे ठरत नाहीत. क्यूबाचा अहवाल तर अमेरिकन सरकारला अप्रिय वाटेल असाच होता. परंतु ज्या सामान्य माणसांनी अनोळखी मुलाखतकाराला आपल्या आशा आणि भीती विश्वासाने सांगितल्या, त्यांना या माहितीचा उपयोग कोणासाठी होणार आहे हे ठाऊक नव्हते. परदेशात केल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाचा खर्च कोण करतो हे उत्तरदात्याला कळले पाहिजे का, या नैतिक प्रश्नाच्या चर्चेत हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

निधन आणि प्रभाव

कॅन्ट्रिल यांचे २८ मे १९६९ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी निधन झाले. १९७४ साली अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी कॅन्ट्रिल यांच्या चौदा देशांतील सामग्रीचा वापर करून एक प्रसिद्ध निबंध लिहिला. एकाच देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा अधिक समाधानी आढळतात. पण श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यात तसा स्पष्ट फरक दिसत नाही, असे त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष 'ईस्टरलिन विरोधाभास' म्हणून ओळखला जातो. त्यावर अद्याप वाद चालू आहे. आनंदाच्या अर्थशास्त्राचा आरंभ या निबंधापासून मानला जातो.

एकविसाव्या शतकात गॅलप संस्थेने आपल्या जागतिक सर्वेक्षणात कॅन्ट्रिल यांची शिडी स्वीकारली. २०१२ पासून निघणारा जागतिक आनंद अहवाल त्याच उत्तरांवर आधारलेला आहे. भारताच्या त्यातील क्रमांकाची वृत्तपत्रांत चर्चा होते; मात्र तो क्रमांक आनंदाचा नसून लोकांनी आपल्या जीवनाच्या केलेल्या मूल्यमापनाचा आहे, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

आजच्या वापरात मूळ पद्धतीचा एक महत्त्वाचा भाग गळाला आहे. कॅन्ट्रिल आधी आशा आणि चिंता विचारत व नंतर शिडी दाखवत. आता बहुधा शिडीचा प्रश्न थेट विचारला जातो. ब्रिटनमध्ये अलीकडे झालेल्या एका अभ्यासात शिडीची प्रतिमा लोकांच्या मनात संपत्ती आणि सत्ता यांचेच विचार जागवते, असे आढळले. म्हणजे जे माप उत्तरदात्याने भरावे म्हणून मोकळे ठेवले होते, त्यात मापाचे चित्रच काहीतरी भरते. उत्तरदात्याला आपल्या शब्दांत बोलू देण्याच्या पहिल्या टप्प्याचे महत्त्व त्यामुळे आजच्या अभ्यासकांना पुन्हा जाणवू लागले आहे.

प्रमुख ग्रंथ

'द सायकॉलॉजी ऑफ रेडिओ' (१९३५), 'द इन्व्हेजन फ्रॉम मार्स' (१९४०), 'गेजिंग पब्लिक ओपिनियन' (१९४४), 'द व्हाय ऑफ मॅन्स एक्स्पीरियन्स' (१९५०), 'हाऊ नेशन्स सी ईच अदर' (१९५३), 'द पॉलिटिक्स ऑफ डिस्पेअर' (१९५८), 'द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स' (१९६५), 'द ह्यूमन डायमेन्शन' (१९६७).